पुसायचा हक्क कोणाचा? सामायिक फोल्डरच्या परवानग्यांविषयी

आपल्या वाङ्मय मंडळाचं जवळजवळ सगळं लिखाण आता संगणक प्रयोगशाळेतल्या एका सर्व्हरवर असतं. अंकासाठी आलेल्या कथा-कविता, जुन्या अंकांचे स्कॅन, आणि गेल्या वर्षापासून मानपुर, महू आणि इंदूरच्या जुन्या मराठी घरांत जाऊन केलेली ध्वनिमुद्रणं. सर्व्हर लिनक्सवर चालतो, तुमच्यापैकी बहुतेक जण विंडोजच्या संगणकावरून त्यात शिरता, आणि या दोघांच्या मध्ये साम्बा नावाचा एक दुभाष्या बसलेला असतो. सगळं सुरळीत चालत होतं म्हणून कोणाला काय करता येतं आणि काय येत नाही, हे कोणी विचारलंच नव्हतं. दिवाळीच्या सुमारास विचारायची वेळ आली.

झालं असं, की मंडळातल्या एका लेखिकेनं आपली दीर्घकथा सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. ठेवताना तिनं काळजी घेतली होती. फाइल सगळ्यांना वाचता येईल, पण तिच्यात लिहिता येईल ते फक्त तिलाच, अशी परवानगी लावली होती. आठवड्यानं पाहते तर फाइल नाही. जागा कमी पडतेय म्हणून कोणीतरी ‘जुनं दिसतंय’ असं समजून साफसफाई केली होती. ते कोणी केलं हे इथे महत्त्वाचं नाही. त्या व्यक्तीनं स्वतःहून सांगितलंही. कथेची आधीची प्रत लेखिकेच्या पेनड्राइव्हवर निघाली, शेवटची सहा पानं सोडून. बैठकीत तिनं एकच प्रश्न विचारला: “त्यात एक अक्षर बदलायची परवानगी नव्हती, मग अख्खी फाइल पुसता कशी आली?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की परवानग्यांचं निम्मं शास्त्र कळतं, म्हणून हा पाठ त्या उत्तराच्या दिशेनंच लिहितोय.

लिनक्सच्या परवानग्यांचं मूळ युनिक्समध्ये आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९पासून जी प्रणाली घडवली, ती. एकच यंत्र अनेक जण वापरणार, तर कोणाची फाइल कोण उघडणार हा प्रश्न तिथे पहिल्यापासूनच होता. त्यावर जो तोडगा निघाला तो आजही तसाच आहे. प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक गट असतो. बाकी उरलेले सगळे ‘इतर’. या तिघांना प्रत्येकी तीन गोष्टींची मुभा देता येते किंवा नाकारता येते: वाचणं, लिहिणं, आणि चालवणं.

हे आकड्यांत मांडतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. ‘हे ४-२-१ कुठून आलं?’ असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. आपल्या आजीच्या घरातली मापं आठवा. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर. म्हणजे चिपटं १ धरलं तर मापटं २ आणि शेर ४. ही तीनच मापं, प्रत्येक एकदाच वापरायचं, तर शून्यापासून सातापर्यंत प्रत्येक आकडा जमतो आणि एकाच पद्धतीनं जमतो. पाच म्हटलं की शेर आणि चिपटं, दुसरं काही असूच शकत नाही. सहा म्हणजे शेर आणि मापटं. सात म्हणजे तिन्ही. तेव्हा ६४० हा आकडा दिसला तर तो ‘सहाशे चाळीस’ असा वाचायचा नाही. सहा, चार, शून्य असा वाचायचा. मालकाला वाचता-लिहिता येतं, गटाला फक्त वाचता येतं, इतरांना काहीच नाही. लेखिकेनं आपल्या कथेवर ६४४ लावलं होतं. हिशेब चोख होता.

एक बारकावा इथेच सांगून टाकतो. यंत्र आधी बघतं, तुम्ही मालक आहात का. असाल तर फक्त पहिला आकडा लागू, पुढचे दोन बघितलेच जात नाहीत. त्यामुळे ०४४ अशी विचित्र परवानगी लावली तर सगळ्या गावाला फाइल वाचता येते, फक्त मालकाला येत नाही! मालक ती परवानगी पुन्हा बदलू शकतो, एवढंच त्याच्या हातात उरतं.

आता मुद्द्याचं. फोल्डरवरही हेच तीन आकडे लागतात, पण त्यांचा अर्थ बदलतो. आणि सगळी फसगत इथेच होते. फोल्डर म्हणजे कागद ठेवायची पेटी असं आपण मनात धरतो. यंत्राच्या दृष्टीनं फोल्डर ही एक यादी आहे: अमुक नावाची फाइल तमुक ठिकाणी. फोल्डर ‘वाचणं’ म्हणजे ही यादी वाचणं. फोल्डरमध्ये ‘लिहिणं’ म्हणजे यादीत नवं नाव घालणं, असलेलं नाव बदलणं किंवा खोडणं. फाइल पुसताना आपण फाइलच्या आत काहीच लिहीत नाही. यादीतली एक ओळ खोडतो. मग परवानगी कशाची तपासली जाणार? यादीची. फाइलची नाही.

आपलं सामायिक फोल्डर ७७७ होतं. सगळ्यांना सगळं. म्हणून कथेतला एक अनुस्वारही ज्याला बदलता आला नसता, त्याला अख्खी कथा नाहीशी करता आली.

विंडोजच्या सर्व्हरवर शब्द वेगळे आहेत, पण तिथेही फोल्डरचा हा अधिकार आहेच. फाइलवर पुसण्याची परवानगी असेल, किंवा तिच्यावरच्या फोल्डरवर ‘आतलं सगळं पुसण्याची’ परवानगी असेल, तर दोन्हींपैकी एक पुरते. ‘फुल कंट्रोल’ दिलं की ही दुसरी परवानगी आपोआप येते. शिवाय तिथे दोन दारं असतात. नेटवर्कवरून येताना एक शेअरची परवानगी आणि दुसरी डिस्कवरची, आणि दोन्हींत जी कडक असेल ती चालते. सर्व्हरसमोर बसून सगळं उघडतं आणि वर्गातून उघडत नाही, असं झालं की पहिलं दार तपासावं.

फोल्डरचा ‘चालवणं’ हा तिसरा आकडा काय करतो? फोल्डर चालवायचं म्हणजे काय? त्याचा अर्थ आहे त्यातून आत जाणं. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा: देवडी, चौक, ओसरी, माजघर, देवघर. देवघराची किल्ली तुमच्या हातात आहे, पण देवडीवरच अडवलं, तर त्या किल्लीचं करायचं काय? लिनक्समध्ये वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर तो शेवटचा १ लागतो. ‘सर, फाइलवर सगळी परवानगी आहे तरी उघडत नाही’ अशी तक्रार आली की मी फाइल बघतच नाही, आधी वरून खाली एकेक उंबरठा बघत जातो. (विंडोजमध्ये हा उंबरठा सहसा सगळ्यांसाठी मोकळाच सोडलेला असतो. म्हणून विंडोजवर शिकलेल्या माणसाला हे सुचत नाही.)

तर आता आपण काय केलं ते सांगतो. एका फोल्डरची चार केली.

पहिलं ‘कच्चं’. इथे सगळे सभासद लिहितात, एकमेकांचं वाचतात, दुरुस्त्या सुचवतात. त्यावर लावलंय ३७७०. हे चार आकडे बघून घाबरू नका. शेवटचे तीन ओळखीचे आहेत: मालकाला सगळं, गटाला सगळं, बाहेरच्यांना काही नाही. पहिला आकडा खास परवानग्यांचा. त्यातही तीच मापं आहेत. तीन म्हणजे मापटं आणि चिपटं. मापट्याचं काम असं, की या फोल्डरमध्ये जे नवं येईल त्याचा गट आपोआप ‘सभासद’ होईल, ठेवणाऱ्याचा खासगी गट नाही. चिपट्याचं काम आपल्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे: फोल्डर सगळ्यांना लिहायला खुलं असलं तरी त्यातली फाइल पुसायची ती फक्त फाइलच्या मालकानं, फोल्डरच्या मालकानं किंवा यंत्राच्या प्रशासकानं. याला ‘स्टिकी बिट’ म्हणतात. नाव ‘चिकट’ का, तर सुरुवातीला याचं काम भलतंच होतं: वारंवार लागणारा प्रोग्राम यंत्राच्या हाताशी चिकटवून ठेवायचं. ते काम गेलं, नाव राहिलं, आणि नावाला नवं काम मिळालं. शब्दांच्या बाबतीत हे आपण नेहमीच पाहतो.

पण चिपट्यानं सगळं भागतं असं मानू नका. फाइलमध्ये लिहायची परवानगी ज्याला आहे तो ती पुसू शकला नाही तरी आतला सगळा मजकूर काढून कोरी फाइल जतन करू शकतो. आणि कोरी फाइल म्हणजे पुसलेलीच की. उलट बाजूनं, काही लेखन-प्रोग्राम जतन करताना आधी नवी फाइल बनवतात आणि मग तिला जुनीच्या जागी बसवतात. चिपटं लावल्यावर दुसऱ्याच्या फाइलवर हे जमत नाही, आणि ‘जतन होत नाही’ अशी तक्रार येते. म्हणून मी सुचवलं, की दुसऱ्याच्या कथेवर दुरुस्ती करायची तर आपल्या नावाची प्रत करून तीत करावी. काहींना हे जाचक वाटलं. मला वाटतं साहित्य मंडळाला हेच शोभतं. दुसऱ्याच्या वाक्यात परस्पर हात घालायची सोय असूच नये.

साम्बाची एक खोड इथे सांगायला हवी. नवीन फाइलवर काय लागावं याची त्याची स्वतःची ठरलेली मर्यादा असते, ७४४ ही. म्हणजे फोल्डरवर तुम्ही कितीही उदार झालात तरी विंडोजवरून आलेल्या नव्या फाइलमध्ये गटाला लिहिता येत नाही. फोल्डरला तसंच ७५५. ‘क्रिएट मास्क’ आणि ‘डिरेक्टरी मास्क’ अशा दोन ओळी साम्बाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये असतात. संयुक्त लेखनाचा एखादा फोल्डर हवा असेल तर तिथे ६६० आणि ७७० लिहावं, आणि फोल्डरांवरचं मापटं गळू नये म्हणून तिथे २७७० केलं तर आणखी बरं. आपण मुद्दाम पहिली ओळ बदलली नाही, कारण आपल्याला तेच हवं होतं.

साम्बाचं नाव निघालंच आहे तर थोडं विषयांतर. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यानं १९९२च्या सुमारास हे काम सुरू केलं. प्रोटोकॉलचं नाव एस-एम-बी. आधीच्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा त्यानं यंत्रातल्या शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं येणारे शब्द शोधले आणि त्यातून ‘साम्बा’ उचलला. कोशातून नाव शोधणारा माणूस आपल्यातलाच म्हणायचा.

दुसरं फोल्डर ‘पेटी’. कथास्पर्धेच्या प्रवेशिकांसाठी. चर्चमधली दानपेटी कशी असते? कोणीही टाकावं, कोणी किती टाकलं ते दुसऱ्याला दिसू नये, आणि उघडायची ती ज्याच्यावर जबाबदारी आहे त्यानं. फोल्डरवर हे करता येतं. गटाला लिहायचे २ आणि आत जाण्याचा १ द्यायचा, वाचण्याचे ४ द्यायचे नाहीत: १७३०. सभासदानं ते फोल्डर उघडायचा प्रयत्न केला तर प्रवेश नाकारला जातो, पण त्याच्या चित्रावर फाइल ओढून सोडली तर ती आत जाते. आता अडचण अशी, की टाकलेली फाइल टाकणाऱ्याच्याच मालकीची राहते, मग संपादकानं ती वाचायची कशी? मालक-गट-इतर एवढ्या तीन खणांत ‘शिवाय संपादक’ हा चौथा माणूस बसत नाही. त्यासाठी एसीएल असतं, म्हणजे एका फाइलवर माणसागणिक किंवा गटागणिक वेगळी नोंद. युनिक्सच्या जगात याचं प्रमाणीकरण करायला घेतलं होतं, तो मसुदा १९९८मध्ये मागे घेतला गेला. तरी लिनक्सनं तोच उचलला आणि लिनक्सवर आजही तोच वापरतात. पेटीवर आपण अशी नोंद ठेवलीय, की जे नवं येईल ते संपादकाला वाचता यावं आणि गटाला काहीच नाही. गटाला ‘काहीच नाही’ हे विसरायचं नाही, कारण यादी दिसत नसली तरी ज्याला फाइलचं नाव ठाऊक आहे किंवा अंदाजानं सुचलं, तो थेट त्या नावानं ती मागू शकतो. आणि ‘कथा १’ हे नाव सुचायला काय लागतं!

नावांवरून आठवलं. आपण फाइलींना मराठी नावं देतो, द्यावीतच. पण लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजतात; ‘क्ष’ दिसतो एक, पण तो क, हलन्त आणि ष मिळून नऊ बाइट घेतो. कोणी कवितेची पहिली ओळच नाव म्हणून दिली की फाइल जतन होत नाही आणि मला ‘परवानगी नाही’ असं कळवलं जातं. परवानगी आहे, जागा नाही. दुसरं म्हणजे ‘वाऱ्यावर’मधला तो अर्धचंद्रासारखा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन वेगळी नावं. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर भूत समजू नका.

तिसरं फोल्डर ‘मोर्तब’. नाव मीच सुचवलं. जुन्या मराठी राजपत्रात वर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. मोर्तब उमटलं की मजकूर तिथे संपला, त्याखाली कोणी ओळ वाढवायची नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातलं मोर्तब म्हणजे एक प्रकारची लिहायची परवानगी काढून घेणंच होतं हे सहसा लक्षात येत नाही. छापून झालेला अंक आणि पक्क्या झालेल्या कथा इथे येतात. मालक संपादक, परवानगी २७५०. सभासदांनी वाचावं, लिहिणं, पुसणं, नाव बदलणं काही नाही. फोल्डरच लिहायला बंद असल्यामुळे आतली फाइल खरोखर सुरक्षित.

फक्त एक सापळा. ‘कच्चं’मधून ‘मोर्तब’मध्ये फाइल हलवली तर ती आपल्या जुन्याच परवानग्या घेऊन येते, प्रत केली तर बहुधा नव्या घरच्या लागतात. विंडोजवरही एकाच डिस्कवर हलवलं तर साधारण असंच होतं. पुसता येत नाही पण आत लिहिता येतं, अशी अर्धवट फाइल त्यातून तयार होते. म्हणून इथे हलवायचं नाही. प्रत करायची, उघडून बघायची, मग जुनी लेखकानंच पुसायची.

आता चौथं फोल्डर, ज्याच्यासाठी मला हा लेख खरंतर लिहायचा होता. ते आहे ध्वनिमुद्रणांचं.

मी मानपुरचा. आग्रा-मुंबई रस्त्यावर महूच्या पुढे, घाट उतरण्याआधीचं गाव. संस्थानी काळात इंदूरला होळकर, धारला पवार, आणि मधला मानपुर परगणा मात्र थेट इंग्रजांच्या अमलाखाली. चहूकडे संस्थानं, मध्ये वेगळ्याच मालकीचा तुकडा. भोवती ज्याचं राज्य त्याचा कायदा आत चालत नाही. सर्व्हरवर याला वारसा तोडणं म्हणतात. एरवी आतलं फोल्डर बाहेरच्या फोल्डरच्या परवानग्या घेऊन जन्मतं. विंडोजमध्ये तर बाहेर बदल केला की तो आतपर्यंत झिरपतो. लिनक्सच्या एसीएलमध्ये वारसा जन्माच्या वेळी मिळतो तेवढाच, नंतर बाहेर काय बदललं याचा आत परिणाम नाही. वारसा तोडला की आतल्या फोल्डरचा कारभार स्वतंत्र. हे करताना विंडोज विचारतं, की आतापर्यंतच्या परवानग्या स्वतःच्या म्हणून ठेवायच्या की सगळ्या काढून टाकायच्या. घाईत ‘काढून टाका’ म्हटलं की फोल्डरच्या मालकालाही आत जाता येत नाही अशी अवस्था होते. ठेवाव्या आणि मग एकेक कमी कराव्या.

ध्वनिमुद्रणांच्या फोल्डरचा वारसा तोडावा लागला तो एका आजींमुळे. आमच्याच गावच्या. आपले दोन विद्यार्थी त्यांच्याकडे दोन दुपारी बसले होते. मराठी अशी, की मध्येच माळवी, मध्येच हिंदी, आणि मुंबईच्या माणसानं ऐकलं तर चूक म्हणेल अशी. पण त्याच बोलीसाठी आपण गेलो होतो. लग्न होऊन आल्यावरच्या गोष्टी, चुलीवरच्या, सणांच्या. मग दुसऱ्या दुपारी त्या घरच्या वाटणीबद्दल बोलल्या. बोलून झाल्यावर म्हणाल्या, “हे लोकांनी ऐकायचं नाही हं पोरांनो. तुम्ही ऐकलंत तेवढं बस.” विद्यार्थ्यांनी हो म्हटलं. आणि ती फाइल आली ७७७च्या फोल्डरमध्ये, इतर सगळ्यांबरोबर.

विद्यार्थ्यांची यात काही लबाडी नव्हती. त्यांच्या मनात ‘लोक’ म्हणजे बाहेरचे, मंडळ म्हणजे आपले. पण आजींच्या नातवाच्या वर्गातले चार जण आपल्या मंडळात आहेत! परवानगी हा शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, आजींची परवानगी आणि फाइलची परवानगी. दुसरी पहिलीसारखी असली तरच तिला अर्थ आहे.

आता ‘बंद’ नावाच्या फोल्डरमध्ये ते मुद्रण आहे. २७७०, आणि त्याच्या गटात फक्त ते दोन विद्यार्थी. पहिल्या दुपारचं मुद्रण, ज्याला आजींची ना नव्हती, त्याची प्रत ‘मोर्तब’मध्ये. मूळ कागद एकीकडे आणि वाचकांसाठी निवड दुसरीकडे, ही वाट जुनीच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद इंग्रजी अमदानीत अभ्यासकांना सहजासहजी बघायला मिळत नसत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतल्या निवडीचे ४५ खंड निघाले, तेव्हा ते बाहेरच्या वाचकाच्या हाती आले. तिथे दार बंद ठेवणारं सरकार होतं आणि उघडावं म्हणणारे इतिहासकार. आपल्याकडे दार बंद ठेवा म्हणणारी ती आजी आहे. म्हणून तिथे जे उघडावं असं मला वाटतं, ते इथे उघडावं असं वाटत नाही.

तरीही एक सांगणं भाग होतं. यंत्राच्या प्रशासकाला कुठलीही परवानगी अडवत नाही. ज्याच्या हातात डिस्क आहे तो ती दुसऱ्या यंत्राला जोडून सगळं बघू शकतो. परवानगी म्हणजे कुलूपबंद तिजोरी नव्हे. त्यासाठी फाइल सांकेतिक करून ठेवावी लागते आणि तिचा परवलीचा शब्द त्या दोघांकडेच ठेवावा लागतो. मी त्या दोघांना म्हटलं, आजींना जाऊन सरळ सांगा की प्रयोगशाळा सांभाळणारा एक माणूस ठरवलं तर हे ऐकू शकतो, आणि विचारा की चालेल का, की सांकेतिक करू, की पुसून टाकू. ते गेल्या रविवारी जाऊन आले. आजींनी तिसरा पर्याय घेतला नाही, दुसराही नाही. म्हणाल्या, “तो गावचाच पोरगा ना? त्याला सांग, ऐकलंस तर घरी येऊन ऐक.” मी ऐकलेलं नाही.

उरलेल्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो.

वर्ष संपलं की सभासदांची खाती बंद होतात, फाइली राहतात. यंत्र मालकाचं नाव लक्षात ठेवत नाही, क्रमांक ठेवतं. खातं काढलं की मालकाच्या जागी नुसता आकडा दिसतो. पुढे तोच क्रमांक नव्या खात्याला मिळाला तर नवा विद्यार्थी आदल्या वर्षीच्या कवितांचा मालक होऊन बसतो. म्हणून खातं काढण्याआधी त्या व्यक्तीला विचारून तिच्या फाइली संपादकाच्या नावावर करायच्या किंवा तिला देऊन टाकायच्या. मार्चमध्ये हे करू.

परवानगी माणसाला देऊ नका, गटाला द्या, आणि माणसाला गटात घाला. गटात घातल्यावर लगेच काही होणार नाही. एकदा बाहेर पडून पुन्हा आत शिरावं लागतं. निम्म्या तक्रारी एवढ्यानं मिटतात. विंडोजवर ‘नाकारा’ ही खूण शक्यतो वापरूच नका. ती सहसा ‘द्या’वर मात करते, आणि एखादी व्यक्ती दोन गटांत असली की ती का अडते हे शोधण्यात दुपार जाते. नुसतं न देणं पुरतं.

परवानग्या म्हणजे प्रती नव्हेत, हेही खरं. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४मध्ये पुन्हा छापलं गेलं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. लोकांनी हातानं उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे ते आपल्यापर्यंत पोचलं, आणि १९०७मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आलं. ‘मोर्तब’ची एक प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर जाते. ‘बंद’ची जात नाही, दुसरी प्रत म्हणजे सांभाळायचं दुसरं दार.

आणि काही उघडलं नाही तर मला नुसतं ‘चालत नाही’ असं कळवू नका. कुठलं फोल्डर, कुठल्या संगणकावरून, किती वाजता, आणि पडद्यावर नेमकं काय आलं, एवढं लिहा. मी माझ्या प्रशासकाच्या खात्यातून तपासत नाही, त्यातून सगळंच उघडतं. ‘पाहुणा सभासद’ नावाचं एक साधं खातं त्यासाठीच बनवलंय. कथेची ती शेवटची सहा पानं लेखिका पुन्हा लिहितेय. ‘कच्चं’मध्ये आहेत, वाचता येतील.